प्रिंटरपुढची टिक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण सांगताना आवाज बारीक करणार नाही — मी कामात चोख आहे, तेव्हाही होते.

मेघना माझ्याच बिल्डिंगमध्ये राहते, डोंबिवलीत. ती दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एकाच कंपनीत आम्ही दोघी. ऑफिस नौपाड्यात, पण तिथे आठवड्यातून एकदाच जायचं. बाकी दिवस घरूनच ऑफिसच्या सिस्टिमवर लॉगिन करायचं. या नोकरीबद्दल मला तिनेच सांगितलेलं. मुलाखतीला सोबतही आलेली.

मग एक अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून लॉगिन रडायला लागलं. पासवर्ड टाकायचा आणि स्क्रीनवर फिरणारं चक्र बघत बसायचं. आमच्याकडे जो आधी आत शिरेल त्याला सोप्या फाइली. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला हॉस्पिटलची बिलं न जुळणाऱ्या, किचकट. त्यात टीम लीडची जागा रिकामी होणार होती — आम्हा दोघींपैकीच कुणाला तरी मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी शोधायला बसले. घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर चालवून पाहिलं — तेवढंच हळू. म्हणजे नेटचा दोष नाही. अँटीव्हायरस बंद केला — फरक शून्य. मग कनेक्शनच्या सेटिंगमधली एकेक टिक काढत गेले. प्रिंटरपुढची टिक काढली आणि खट्कन आत! घरचा प्रिंटर ऑफिसच्या सिस्टिमला जोडताना अपडेटनंतर सगळं अडकत होतं, बस. तसाच प्रिंटर मेघनाकडेही होता. आम्ही एकत्र जाऊनच घेतलेले.

दोन मजले उतरायचे होते फक्त. का नाही उतरले? उद्या सांगू, असं पहिल्या दिवशी म्हटलं असेन. नंतर तेही म्हटलं नाही.

"तुझं कसं गं लगेच होतं?" तिने विचारलं.

"काय माहीत. माझं नेट बरं असेल."

तिने नवीन नेट घेतलं. तरी तेच. मग एका सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडेच आली — तुझ्या नेटवर करून बघते म्हणाली. माझ्या डायनिंग टेबलाशी बसली. मी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. तिचं चक्र फिरतंय, ती नखं कुरतडतेय, आणि समोर बसून मी भराभर फाइली संपवतेय. हात लांब केला असता तरी तिची टिक काढता आली असती. मी काय विचारलं माहितीये? "लिंबू हवंय का गं?"

लीड मी झाले. मला पहिली मिठी तिनेच मारली.

नंतर कंपनीचाच सगळ्यांना मेल आला — प्रिंटरची टिक काढा. ती धावत वर आली. "अगं, प्रिंटर होता तो! तुझी टिक आधीपासूनच नसणार. नशीबवान आहेस!"

"हो, तसंच असेल," मी म्हटलं. माझ्यासाठी सबबही तिनेच शोधून आणली — आणि मी ती घेतली.

पण एवढंच असतं तर कदाचित मी बोललेही नसते. मी लीड म्हणून चांगली आहे, टीमला विचारा. वर्ष संपताना टीममधल्या प्रत्येकाच्या कामावर शेरा लिहायचा असतो. मेघनाचाही मीच लिहिला — 'वेळेवर काम सुरू करण्यात कमी पडते.' मला कुणी सांगितलं होतं का असं लिहायला? नाही. पण ते लिहिलं नसतं तर तिच्याऐवजी मला का निवडलं, याला उत्तर काय उरलं असतं? त्या शेऱ्यामुळे तिची बढती अडली. आणि हे होणार, हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

नौपाड्याच्या ऑफिसात, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून तिने तो वाचला. शांतपणे. शेवटपर्यंत.

"बरोबरच लिहिलंयस गं," ती म्हणाली. "त्या दिवसांत मी खरंच कमी पडले."

मी मान डोलावली — आणि पुढच्याला आत बोलावलं.