भुलू जेठूची मिशी

चंदननगरच्या होडीघाटावर तिकिटं फाडणाऱ्या शेफाली गुईन यांना ओळखत नाही असा माणूस गंगेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. साठीला टेकलेल्या, खिडकीत मुरमुऱ्यांचा डबा. होडीला उशीर असला की त्या एकच गोष्ट सांगतात, आणि ऐकणारा सभ्य असेल तर ती शेवटपर्यंत ऐकून घेतो.

शेफाली तेव्हा आठ वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आपल्या मामांनी मगर पाळली आहे असं तिने वर्गात सांगितलं होतं. झुंपा पाल तडक मामांच्या घरी गेली आणि शेळी बघून परत आली. मग झुंपाने फर्मान काढलं: शेफाली एक तरी गोष्ट पुराव्यानिशी खरी करून दाखवत नाही, तोवर तिला कुणी खेळायला घ्यायचं नाही.

आठवड्याने सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी घरोघरी पूजा आणि भटजी मात्र मोजके. फुलं वाहून होईपर्यंत पोरं उपाशी. बारा वाजून गेले तरी भटजींचा पत्ता नाही. शेवटी शेफालीचे आजोबा, म्हणजे दादू, रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि धोतर-शालीतला पहिला माणूस दंडाला धरून आत घेऊन आले. तो बिचारा सांगत होता की मी पुरोहित नाही, साडूकडे आलोय.

"आज सगळे भटजी हेच सांगतात," दादू म्हणाले. "जानवं आहे ना? बसा."

तो बसला. मंत्र अर्धे आठवले. उरलेल्या जागी त्याने बहुतेक स्वतःचा पत्ता पुटपुटला. देवी काही बोलली नाही. शेफाली मात्र त्याच्या नाकावरच्या चामखिळीकडे टक लावून होती. ती चामखीळ दर महिन्याच्या चित्रकथेच्या मागच्या पानावर, फोटोत असायची. हे निशाकर भादुडी होते! ज्याच्यावर अख्खा बंगाल पोट धरून हसायचा, त्या चित्रकथेतल्या भुलू जेठूला, म्हणजे भुलूकाकाला, जन्म देणारे चित्रकार.

जेवणं झाल्यावर तिने त्यांना अंगणात गाठलं आणि भुलू जेठू काढून मागितला. निशाकरबाबूंनी खिसा चाचपला. पेन नव्हतं, दादूंनी ते पूजेआधीच काढून देवीच्या पायाशी ठेवलं होतं, घरातल्या सगळ्या वह्या-पुस्तकांबरोबर. त्या दिवशी लिहायचं नाही, वाचायचं नाही. निशाकरबाबूंना स्वतःचं पेन चोरायचा धीर झाला नाही.

"अल्पना चालेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

रांगोळीसाठी कालवलेलं तांदळाचं पीठ वाटीत उरलं होतं. त्यात बोट बुडवून त्यांनी घराच्या दारासमोरच जमिनीवर भुलू जेठूचा गोल गरगरीत चेहरा काढला. मिशी काळी हवी होती, म्हणून ती खजुराच्या गुळाने रंगवली. मग दादूंनी दक्षिणा म्हणून गमछा, तांदूळ आणि दोन वांगी त्यांच्या हातात कोंबली आणि पुढच्या वर्षी वेळेवर यायला बजावलं.

चित्रावर कुणाचा पाय पडू नये म्हणून सगळं घर दुसऱ्या दिवसापर्यंत खिडकीतून ये-जा करत होतं. दादूसुद्धा.

सकाळी झुंपा आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हा भोपळा आहे."

मिशी नव्हती. रात्रीतून मुंग्यांनी ती उचलली होती. शेफालीने बोट दाखवलं: तुळशीपाशी एक लांब काळी मिशी, दोन्ही टोकं डौलात वळवून, भिंतीकडे चालली होती.

"ती बघ, तिकडे चाललीये."

"कालची मगर, आजची मिशी," झुंपा म्हणाली आणि निघून गेली.

शेफालीने पोस्टकार्ड लिहून निशाकरबाबूंना सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. पण उन्हाळ्याच्या अंकात भुलू जेठूची मिशी पळून गेली, आणि दोन वेण्यांच्या, बोळक्या तोंडाच्या एका पोरीने तुळशीमागे बोट दाखवून ती शोधून दिली. शेफाली अंक घेऊन धावली. झुंपाने चित्र उजेडात धरून तपासलं. या पोरीचा एकच दात पडलाय, तुझे दोन पडले होते, असं सांगून तिने अंक परत केला. खेळायला मात्र घेतलं, कारण लगोरीला एक भिडू कमी पडत होता.

पन्नासएक वर्षं झाली. झुंपा पलीकडच्या काठाला नांदते, आठवड्यातून दोनदा घाटावर येते आणि भोपळ्याचा विषय काढल्याशिवाय तिकीट घेत नाही.

यंदा तिच्याबरोबर नात होती. काखेत त्या जुन्या अंकांचं नवं, जाड पुस्तक. रांगेत उभ्या उभ्या नातीने त्या दोन वेण्यांच्या पोरीवर बोट ठेवून विचारलं, "ठाकुमा, ही कोण गं?"

खिडकीमागे शेफालीदींचा तिकीट फाडणारा हात थांबला. रांग मागून कुरकुरायला लागली.

झुंपाने चष्मा चढवला, चित्र बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"ही होय? ही इथे तिकिटं फाडते," ती म्हणाली. "पण तो भोपळाच होता."

शेफालीदींनी दोन तिकिटं फाडली. होडी सुटली तरी त्या बराच वेळ हसत होत्या, आणि पुढच्या माणसाच्या हातात त्यांनी तिकिटाऐवजी मूठभर मुरमुरे ठेवले.