विठू तांडेलाचं तोंड

होडी पाण्यात लोटताना कुणी वाईट बोललं, नुसतं "खंय चललास?" विचारलं, तरी ती टोकली गेली म्हणायचे. टोकलेली होडी त्या दिवशी परत वर ओढायची, ही आमच्या मालवणच्या किनाऱ्याची रीत. आणि आमचे शेजारी विठू तांडेल वाळूत बसून नेमकं हेच करायचे. रोज नाही, महिन्यातून दोनतीनदा. "जावा मेल्यांनू, कावळे जेवतले तुमच्या नावान."

होडी वर, चूल थंड. खोटं कशाला सांगू, आम्ही बायका त्यांच्या दारावरून जाताना थुंकायचो. आमचे हे तर तोंडावर म्हणायचे, "वशाड पडो तुमच्या तोंडार." विठूतात्या म्हणायचे, "तोंडार पडांदे. होडयेर नको."

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, नवरात्रात, एका खाणीच्या शेठला घेऊन लहानसं विमान आमच्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या सपाट कातळावर उतरलं. शेठ राहणार होता. पायलट एकटाच विमान बेळगावला परत नेणार होता. गाव लोटला. होडीला करतात तसा विमानाला हार, नारळ सगळं झालं, तेवढ्यात विठूतात्या गर्दीतून घुसले आणि पंख्यासमोर उभे राहिले.

"खंय चललंस?"

"बेळगावला," पायलट हसून म्हणाला.

"घाट बघ. मळभ खाली इला आसा. माका डोंगर दिसणा नाय, तुका खंयसून दिसतलो?"

"वर गेलो की दिसेल, काका."

"मग मर. तुझ्या आवशीचो पत्तो दिवन जा, कळवूक होयो."

लोक भडकले. आमच्या ह्यांनी आणि आणखी दोघांनी तात्यांना बखोटीला धरून कातळावरून फरफटत नेलं. "आणखी लांब न्या," असं मीच ओरडले. विमान उडालं, आंबोलीच्या बाजूला ढगात शिरलं. तिसऱ्या दिवशी गुराख्यांना ते कड्याला आपटलेलं सापडलं. पायलट आतच होता.

गावाने ठरवून टाकलं, तात्यांनी टोकलं म्हणून पडलं. त्यांच्या अंगणात शेण पडलं, बोलणं तुटलं. तेही गप्प झाले. समुद्राकडे पाठ करून बसायचे.

दिवाळीनंतर वाऱ्यापावसाच्या वावझडीत ह्यांची होडी उलटली. हे वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. मी तणतणत तात्यांकडे गेले. "सकाळी वाळूतच बसला होतात ना? तेव्हा का नाही बोललात?"

"माका कित्याक इचारतंस? माझ्या तोंडान इमाना पडतत."

"म्हणजे आजवर मुद्दाम टोकत होतात?"

"शानपणान सांगलंय तर कोण थांबता? माकाच वारो शिकयतत. शिवी घातलंय की होडी वर येता."

"मग तो पायलट?"

"तो परको. टोकल्यार थांबाचा, ह्या तेका काय म्हायत?" तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमका म्हायत होता ना गो? इमान टोकलेला होता. ता धरूचा सोडून माका कित्याक वढलास?"

घरी येऊन मी ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन वर्षांनी तात्या वारले. तिरडीला तिघेच जण मिळाले, चौथा कुणी पुढे होईना. ह्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि खांदा लावला.