शुक्रवारच्या आधी घरी

“सिस्टर, शुक्रवारपर्यंत कुणालाही डिस्चार्ज द्यायचा नाही,” डॉक्टर म्हणाले.

माझ्या हातात कयलची फाइल होती. डिस्चार्जचा कागद वरच लावलेला होता, फक्त त्यांची सही राहिली होती. त्या दिवशी सोमवार होता.

“ती घरी जायचं म्हणते आहे, डॉक्टर.”

“माहीत आहे. चारच दिवसांचा प्रश्न आहे. शुक्रवारी पुण्याचे ट्रस्टवाले येऊन जाऊ देत, मग शनिवारी सकाळी तुम्हीच तिला सोडून या.”

मी फाइल छातीशी धरून तशीच उभी राहिले. चार दिवस हे कुणासाठी किती असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आधी आमच्या कामाबद्दल सांगते. कुंभकोणममध्ये आमचं लहान मुलांचं हॉस्पिस होतं. हॉस्पिस म्हणजे जिथे बरं करण्याचे उपाय संपलेली मुलं येतात. तिथे आजार हटत नाही, पण दुखणं, धाप, उलट्या, भीती यांवर इलाज होतो, आणि तो नीट केला तर मूल हसतं, खातं, भांडतंसुद्धा. आमच्याकडे आठ बेड होते. डॉक्टरांनी स्वतःच्या घराचा मागचा भाग त्यासाठी दिला होता. मी तिथली मुख्य नर्स. मागच्या वर्षी निवृत्त झाले.

आठ बेडचा खर्च पुण्याचा एक ट्रस्ट द्यायचा. त्यांच्या ग्रँटचा नियम सोपा होता: बेडवर मुलं असतील तर पैसे. आणि आमची अडचणही तेवढीच सोपी होती. बेडवर मुलं नसायची. पापनाशम गावची एखादी आई म्हणायची, “औषध द्या, शिकवा, आम्ही घरीच बघतो.” गोविंदपुरमची आजी म्हणायची, “मुलाला देवळाची घंटा ऐकू आली पाहिजे.” मग मी औषधांची पिशवी घेऊन बसने त्यांच्या घरी जायची. महिन्याला वीस-बावीस घरं व्हायची. पण रिपोर्टमध्ये घरांसाठी जागाच नव्हती. तिथे एकच प्रश्न होता, बेड किती भरले. त्या सोमवारी दोन भरलेले होते. एकावर पापनाशमचं सहा महिन्यांचं बाळ होतं आणि दुसऱ्यावर कयल.

कयल अकरा वर्षांची. तिरुभुवनमच्या विणकराची एकुलती एक मुलगी. मांडीच्या हाडाचा कॅन्सर, तो पुढे फुप्फुसांत गेलेला. चेन्नईच्या डॉक्टरांनी उपचार थांबवले तेव्हा आईबाप तिला आमच्याकडे घेऊन आले, कारण दुखणं घरात आवरत नव्हतं. आमच्याकडे ते आठवड्यात आवरलं. मग तिने पहिल्यांदा मान वर करून मला नीट पाहिलं आणि विचारलं, “सिस्टरम्मा, इथे एवढं शांत का आहे?”

“आजारी मुलांना शांतता बरी असते.”

“मला झोप नाही येत शांततेत. आमच्याकडे दिवसभर माग चालतो.”

मागाबद्दल ती तासन् तास बोलायची. मोरपंखी रंगाची साडी चढवली आहे, काठ आळत्यासारखा लाल. काठ वेगळ्या रंगाचा असला की दोन माणसं लागतात, एका बाजूने अप्पा आडव्या सुताचा धोटा टाकतो, दुसऱ्या बाजूने अम्मा. दोघंही इथे तिच्याजवळ, म्हणून साडी तशीच अडकली आहे. अंग विणून झालं, पदर राहिला.

“पदर कसा असणार आहे?” मी विचारलं.

“तेच तर मला बघायचंय,” ती म्हणाली. “कागदावर पाहिलाय. पण कागदावरचा वेगळा आणि मागावर येतो तो वेगळा.”

एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारपासून तिची धाप वाढली होती. अशा मुलांच्या श्वासाची गती, भूक, झोप यांवरून आम्हाला अंदाज येतो. माझा अंदाज दोन आठवड्यांच्या आत होता. आणि प्रवास झेपेल असे दिवस त्याहून कमी.

“शुक्रवारनंतर तिला हलवता येईलच याची खात्री तुम्ही देता का?” मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाले, “सिस्टर, मलाही कळतं. पण ग्रँट गेली तर काय होईल सांगा. मॉर्फिन ठेवायचा परवाना असलेली मुलांसाठीची या भागातली दुसरी जागा कुठे आहे? तुमची ती वीस घरं, त्यांचं औषध इथूनच जातं ना? एका मुलीचे चार दिवस की...”

ते वाईट माणूस नव्हते आणि चुकीचंही बोलत नव्हते. मी एवढंच म्हटलं, “मग हे तिला तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही.”

ते उठले. मी मागोमाग गेले. कयल उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. आई वसंता तिचे पाय चेपत होती. डॉक्टर स्टुलावर बसले, तिची नाडी बघितली, जीभ बघितली.

शेवटी तीच म्हणाली, “डॉक्टर, तुमचे पाहुणे येणार आहेत म्हणून मी थांबायचं आहे ना? मी ऐकलं.” मग जरा श्वास घेऊन, “थांबते मी. पण त्यांना जरा लवकर बोलवाल का?”

वसंता तोंड फिरवून खिडकीकडे पाहू लागली. डॉक्टरांनी माझ्या हातातून फाइल घेतली, तिथेच गुडघ्यावर ठेवून सही केली आणि निघून गेले.

मंगळवारी सकाळी आम्ही तिला घरी नेलं. तिरुभुवनम काही लांब नाही, पण त्या दिवशी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने प्रत्येक खड्ड्याला गाडी थांबवल्यासारखी चालवली. घर दोन खोल्यांचं. पुढची सगळी खोली मागाने व्यापलेली. खाट मागच्या खोलीत तयार करून ठेवली होती, नवी चादर घालून. आणि वडिलांनी, मुरुगेशननी, मागावर जुनं बेडशीट टाकून तो पूर्ण झाकला होता.

“हे काय अप्पा?” कयलने दारातच विचारलं.

“तुला त्रास नको, कण्णु, बाळा. धूळ, आवाज...”

तिचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं परत दुखायला लागलं.

मी खाट पुढच्या खोलीत आणायला लावली, मागाशेजारी भिंतीला लागून. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं यंत्र असतं, ते आम्ही सोबत आणलं होतं, ते जोडलं. वीज गेली तर लागेल म्हणून लहान सिलिंडर कोपऱ्यात ठेवला. मग वसंताला मॉर्फिनचं सिरप द्यायला शिकवलं. दर चार तासांनी, सिरिंजवर मी खूण केली आहे तिथपर्यंत. मध्येच दुखलं किंवा धाप लागली तर एक जादा डोस, आणि मला फोन.

“सवय लागेल का तिला?” वसंताने हळूच विचारलं. प्रत्येक आई हे विचारते.

“दुखण्यासाठी मोजून दिलं तर नाही. तू निर्धास्त दे. चुकलीस तर मी आहे.”

मुरुगेशन तोवर दारात उभेच होते. मी त्यांना म्हटलं, “रेशमाची अशी काही धूळ उडत नाही. ते बेडशीट काढा आणि कामाला बसा.”

“पोरगी अशी असताना मी साडी विणू, सिस्टरम्मा? लोक काय म्हणतील?”

“अप्पा,” खाटेवरून आवाज आला, “लोक पदर बघायला येणार आहेत का? मी बघणार आहे.”

ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. वसंता दुसऱ्या बाजूला बसली. पहिले दोन-चार धोटे चुकले, सूत तुटलं, मुरुगेशननी ते थुंकी लावून सांधलं. मग लय लागली. खट, खट. मी कयलचा श्वास मोजायला बसले होते. थोड्या वेळाने मोजायची गरज राहिली नाही. ती झोपली होती, भर दुपारी, तोंड जरा उघडं ठेवून, निरोगी मूल झोपतं तशी.

शुक्रवारी पुण्याचे पाहुणे आले. सबनीस त्यांचं नाव, ट्रस्टचे प्रकल्प अधिकारी. डॉक्टरांनी त्यांना माझ्या स्वाधीन केलं, कारण मला मराठी येते. आम्ही तंजावरचे मराठी. माझे पूर्वज राजांच्या पदरी कारकून होते म्हणतात. घरात बोलतो ती मराठी पिढ्यान् पिढ्या इथेच राहिली, अर्धी तमिळ झाली. मी दोन वाक्यं बोलले की सबनीस हसत आणि म्हणत, “आमची पणजी असं बोलायची.” हे लिहितानाही मी पुस्तकी मराठी वापरते आहे, नाहीतर तुम्हालाही पणजी आठवायची.

ते वॉर्डमध्ये उभे राहिले. आठ बेड, पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि एकटं बाळ.

“मुलं कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“घरी.”

“मग मी काय पाहायचं?”

डॉक्टर खाली बघत होते. मी वसंताला फोन लावला, सगळं सांगितलं, कयलला विचारायला सांगितलं. उत्तर आलं: या, पण फोटो नको.

कयलच्या घरी पोहोचल्यावर सबनीस उंबऱ्यातच बसले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, आत यायला सांगितलं तरी आले नाहीत. कयलने त्यांना न्याहाळलं आणि मला विचारायला लावलं, “तुमच्याकडच्या बायका किती वाराची साडी नेसतात?”

“आता सहावार. माझी आई नऊवार नेसायची,” ते म्हणाले.

“नऊ म्हणजे अप्पाला जास्त दिवस लागतील,” ती हिशेब करत म्हणाली. बोलून दमली, डोळे मिटले. माग चालूच होता. पदराचं एक वीत काम वर आलं होतं, लाल जमिनीवर जरीची कमळं, आणि मधूनमधून ती एक डोळा उघडून तेवढं बघून घ्यायची.

सबनीसांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी नुसतं पाहिलं. “रिपोर्टला फोटो लागतो, पद्माबाई,” ते ओशाळून म्हणाले. मी कयलला सांगितलं.

“मागाचा काढा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “अप्पाचे हात येऊ देत त्यात.”

परतताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. “अशी किती घरं आहेत?” मी नावं सांगायला लागले. कुंभकोणम आलं तरी नावं संपली नव्हती.

पुढच्या गुरुवारी सकाळी, दहाच्या सुमाराला, कयल गेली. दुखत नव्हतं. आईचा हात मानेखाली होता. पदर चार बोटं राहिला होता, पण कमळं पुरी झाली होती, आणि बुधवारी मुरुगेशननी तिला उचलून मागावर ओणवं धरून ती नीट दाखवली होती. हे सगळं मला वसंताने सांगितलं. मी तिथे नव्हते. मी पापनाशमला त्या बाळाला घरी पोहोचवायला गेले होते. बुधवारी मी त्यांच्या घरून निघताना कयल म्हणाली होती, “उद्या या.” मी हो म्हटलं होतं. नर्सने असं हो म्हणू नये, हे मी नव्या मुलींना शिकवते. स्वतः ते मला जमलं नाही, आणि त्या गुरुवारची सकाळ परत मिळावी असं मला आजही वाटतं.

दोन महिन्यांनी ट्रस्टचं पत्र आलं. आठ बेडची ग्रँट बंद. चार बेडचा खर्च, एक गाडी आणि एक जादा नर्स, एका वर्षापुरतं. पुढचं पुढे बघू. माझ्यासाठी ती चांगली बातमी होती. डॉक्टरांनी मात्र पत्र दोनदा वाचलं, मग वॉर्डमध्ये जाऊन चार खाटा स्वतःच्या हाताने सुट्या करायला लागले. तरुणपणापासून त्यांच्या मनात आठ खाटांचं हॉस्पिटल होतं. मी मदतीला गेले तर म्हणाले, “राहू द्या सिस्टर, हे मला करू दे.” मोकळ्या झालेल्या भिंतीकडे ते बराच वेळ बघत होते.

गाडी आली आणि घरं वाढली. पण मूल गेल्यावर त्या घराचं नाव यादीतून जातं. औषध संपलं, भेट संपली. वसंताचं तसं झालं नाही. ती मला फोन करायची, सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला. सिरपच्या वेळा. “हात आपोआप बाटली शोधतो, सिस्टरम्मा,” म्हणायची. एकदा म्हणाली, “घरात कुणी तिचं नाव काढत नाही. मी रडेन म्हणून. तुम्ही या आणि तिच्याबद्दल मला काहीतरी विचारा.”

मी जायला लागले. महिन्यातून एकदा, ट्रस्टच्याच गाडीने. चहा घ्यायचा, कयलच्या शाळेतलं, तिच्या हट्टाचं, काहीतरी विचारायचं, वसंता बोलत राहायची. गाडीच्या वहीत प्रत्येक फेरीपुढे भेटीचं कारण लिहावं लागतं. औषध, ड्रेसिंग, तपासणी अशी कारणं चालतात. मी लिहायची: “कयलबद्दल विचारणं.” सबनीसांच्या ऑफिसकडून एकदा शंका आली, हे कोणत्या खर्चात धरायचं? मी कळवलं, तुम्हाला योग्य वाटेल त्यात धरा, भेट बंद होणार नाही.

आता माझ्या जागी आलेली नर्स तिथे जाते. कयलला तिने पाहिलेलं नाही. वसंता म्हणते, ते बरंच आहे. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.