झालं का?

“अगं, श्वास तरी घेऊ दे त्याला.” तळहात माझ्यासमोर आडवा धरून काका हे म्हणायचे. ‘तो’ म्हणजे सर्व्हर. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात पांढऱ्या केसांचे ते एकटेच, म्हणून सगळ्यांचे काका. लिफ्टला घाबरायचे. पाच मजले जिन्याने चढून यायचे आणि वर ‘व्यायाम गं’ म्हणून आम्हालाच ऐकवायचे.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही एक वेबपान बनवत होतो. आत ऑपरेशन चालू, बाहेर नातेवाईक. तुम्हीही कधी तिथे बसला असाल. चहा गार होतो आणि दार वाजलं की सगळ्या माना वळतात. आत काय चाललंय ते भिंतीवरच्या बोर्डावर आणि नातेवाइकांच्या फोनवर दिसायला हवं होतं. त्यासाठी पानाने सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारायचं, नवीन काही आहे का. काका त्याला सरळ ‘झालं का’ म्हणत. भांडण एवढ्यावरच, की किती वेळाने विचारायचं.

मी म्हटलं, दर दोन सेकंदांनी. बाहेर जीव टांगणीला लागलेला असतो हो माणसाचा. काका म्हणाले, मिनिटाने. माझं डोकंच फिरलं. तुमचं माणूस आत असतं तर कळलं असतं, असंही मी बोलून गेले. ते चिडले नाहीत. “सगळे मिळून सारखं झालं का, झालं का करायला लागले, तर सर्व्हरच बसेल. मग कुणालाच काही कळणार नाही.” वर आणखी एक अट घातली. सगळ्यांनी एकदम विचारायचं नाही, प्रत्येक फोनने आणि बोर्डानेही थोडं मागेपुढे. “एकेकाने या म्हणावं.” शेवटी त्यांचंच मिनिट ठरलं.

मजकूरही त्यांचाच. ऑपरेशन पार पडलं की ‘रिकव्हरीत हलवलं’. आणि नाहीच पार पडलं तर? मरणाची बातमी भिंतीने सांगायची नाही, म्हणाले. तेव्हा फक्त एवढंच येणार: ‘डॉक्टर भेटायला येत आहेत’. बाहेर बसलेल्याला अर्थ लागू नये. आम्हा दोघांना तो ठाऊक होता.

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात ठरलं. मूलबाळ नाही, म्हणून काकूंच्या सोबतीला मी गेले. आत नेताना त्यांनी माझा हात धरला.

“घाबरलोय गं,” म्हणाले. मग बोर्डाकडे बघून हसले. “सारखी बघत बसू नकोस. श्वास घे.”

कसला श्वास घेते. काकू बोर्डावर डोळे लावून माळ ओढत होत्या. जवळचं वाचायचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून फोन माझ्याकडे. पान बदलायची वेळ आली की मी फोन डोळ्यांजवळ न्यायचे. ‘ऑपरेशन चालू आहे’ दिसलं की हुश्श व्हायचं, आणि लगेच पुढच्या वेळेची धास्ती. काकांच्या त्या मिनिटाला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील.

आणि मग फोनवर आलं, ‘डॉक्टर भेटायला येत आहेत’.

मी वर बघितलं. भिंतीवरच्या बोर्डाची विचारायची पाळी अजून यायची होती.

“झालं का गं?” काकूंनी विचारलं.

मी फोन मांडीवर पालथा घातला. ज्या मिनिटावरून मी काकांशी भांडले होते, ते आता संपूच नये असं वाटत होतं.

“अजून चालू आहे, काकू,” मी म्हटलं आणि बोर्डाकडे बोट केलं.

तिथे तसंच लिहिलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि माळेचा पुढचा मणी ओढला.