फौजदारांचा मीटर

१४ मार्च, गुरुवार. सकाळी नळाला पाणी बारीक. लेकाने नणंदेच्या गाडीत परस्पर भलताच मीटर बसवून आणला. दुपारी रणकंदन.

माझ्या नणंदेला आम्ही फौजदार म्हणतो, तिच्या तोंडावरसुद्धा. लग्न केलं नाही, सगळी नोकरी वाहतुकीच्या कचेरीत काढली आणि निवृत्त होताच जुनी लाल गाडी घेतली. माझे यजमान होते तोवर ती त्यांच्याच गाडीत मागे बसायची. ही तिची स्वतःची. हौसेने मोठा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवला. गाडी पळू लागली, पण चढावर इंजिन टकटक वाजू लागलं.

"हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय. असंच चालवलं तर पिस्टन जळेल, वहिनी. दुसरं इंजिन मला झेपणार नाही."

हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारे मीटर दोन जातींचे, असं तिने मला समजावलं. एक गाडीच्या जुन्याच सेन्सरला जोडतात. तो नुसते रंगीत दिवे लावतो. दुसऱ्याचा सेन्सर वेगळा, सायलेन्सरच्या पाइपात वेल्डिंग करून बसवावा लागतो. तो नेमका आकडा दाखवतो, एका भाग पेट्रोलला किती भाग हवा. तिने दुसरा सांगून ठेवला होता. गाडी घेऊन तो बसवून आणायला गेला माझा इंजिनिअर लेक. दुकानदार म्हणाला, "आजीबाईंना आकडे कशाला? हा न्या, छान दिसतो." आणि याने मान डोलावली!

"सरप्राइज, आत्या!"

तिने किल्ली घेतली. आम्हा दोघांना गाडीत घालून थेट चढावर नेलं. दिवे लाल-हिरवे, लाल-हिरवे नाचत होते आणि इंजिन टकटक करतच होतं.

"सांग, किती?"

"हिरवा आहे ना. म्हणजे ठीक."

"आता लाल. आता परत हिरवा. मीटर आहे की सर्कस?"

"अगं आत्या, तुझ्या सोयीसाठीच..."

"माझी सोय मला विचारून कर! उद्या चष्मेवाल्याने नंबर न तपासता 'फ्रेम शोभते' म्हणून चष्मा दिला, तर घालशील?"

मागच्या सीटवर माझंही डोकं तापलं होतं. तुम्हाला कळून काय करायचंय, हे मी या घरात पुरेसं ऐकलंय. आता पोटच्या पोराकडून ऐकायचं?

"उतर खाली," मी म्हटलं. "चालत ये."

तो उतरला. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या मागे पाहिलं. "साहेब नाही आले?"

"साहेबांना चढावर उतरवलंय," फौजदार म्हणाली. "मी सांगितलेला मीटर काढा. आणि माझ्याशी बोला."

वेल्डिंग होईपर्यंत ती गाडीजवळून हलली नाही. दुकानदाराने दोनदा खुर्ची पुढे केली. तिने खुर्चीवर पर्स ठेवली.

संध्याकाळी पुन्हा तोच चढ. तिने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. आकडा पंधराच्या वर गेला.

"बघ. इथे साडेबाराच्या आसपास पाहिजे. पोर हिरवा म्हणत होतं!" तिने लगेच पाय उचलला आणि गाडी हळूहळू घरी आणली. इंजिनाला जाणारं पेट्रोल वाढवून घेईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, असं ठरलं. किल्ली तिने स्वतःकडे ठेवली.

लेक जेवायला आला नाही. त्याच्या वाटणीचं फ्रीजमध्ये ठेवलं.