मालेगावला ठेवलेली मापं

सुवर्णावहिनींचं कॉम्प्युटरशी कधीच पटलं नाही. माउसला त्या शेवटपर्यंत 'ते बटण' म्हणायच्या आणि स्क्रीनवर काही अडलं की माझ्याकडे रागानं बघायच्या, जसं काही ते यंत्र माझ्या पोटचंच. मी राज. पंचवटीत त्यांच्या दुकानाला लागून माझा सायबर कॅफे होता, त्यामुळे दिवसातून तीनदा माझी हजेरी ठरलेली.

त्यांचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. कटिंग नवऱ्याकडे, म्हणजे ज्ञानेशकडे, आणि बाकी झाडून सगळं वहिनींकडे. मोठं काम एकच, पेठ-सुरगाण्याकडच्या एका संस्थेच्या आश्रमशाळांचं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत तिथं जायचं, एकेका पोराचं माप घ्यायचं, मे महिनाभर शिवायचं आणि जूनमध्ये शाळा उघडली की वाटायचं. मधल्या काळात पोरं डोंगरातल्या पाड्यांवर पांगलेली असतात. तिथं पुन्हा मापं घ्यायला जायचं म्हटलं तर पावसाळा लागेपर्यंत निम्मीसुद्धा सापडायची नाहीत. मापं चिठ्ठ्यांवर होती तेव्हा एका वर्षी गठ्ठे इकडचे तिकडे झाले आणि चौथीची पोरं पहिलीच्या चड्ड्या घालून प्रार्थनेला उभी राहिली. त्यानंतर वहिनींनी हट्टानं जुना कॉम्प्युटर घेतला.

मापांची फाईल झाली की तिची एक सीडी निघायची आणि जुनी फेकली जायची. शिवाय एक प्रत मेलनं पाठवायचा वहिनींचा नेम होता. त्या मखमलाबादच्या, झेंडू लावणाऱ्या घरातल्या. त्यांचे वडील खंडेराव दर हंगामात बियाण्याची एक पुरचुंडी गिरणाऱ्याला बहिणीकडे नेऊन ठेवायचे. आपल्या घरात उंदीर लागला, ओल आली, तर दुसऱ्या गावात बी शाबूत पाहिजे, एवढाच हिशोब. वहिनींनी तोच नेम कॉम्प्युटरला लावला.

मी पहिल्यांदा त्यांच्या नावानं मेलबॉक्स उघडून दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तुमच्याच दुकानात राहतं ना, राजभाऊ?"

"नाही हो वहिनी. मेल तिकडे अमेरिकेत कुठंतरी असतो."

"अमेरिकेत आपलं कोण आहे? ते काही नको. आपल्या दिशाला पाठवा."

दिशा म्हणजे त्यांच्या नणंदेची मुलगी. मालेगावला कॉलेजात होती. मी हात टेकले. आज याला लोक क्लाऊड म्हणतात आणि दरमहा पैसे मोजतात, पण तेव्हा मी तिन्हीत्रिकाळ त्यांची टिंगल करायचो. "काय वहिनी, यंदाचं बी मालेगावला पोचलं का?" त्या फक्त "पाठवा" म्हणायच्या. दरवर्षी एक फाईल जात राहिली.

२००६ साली मात्र मापं घेऊन ते दोघं परत आले आणि त्याच आठवड्यात रस्ता खोदताना आमच्या गल्लीची केबल तुटली. माझा कॅफे बंद. वहिनी रोज डोकावायच्या, मी रोज मान हलवायचो. "असू दे, सीडी तर आहे," असं मीच म्हणालो. त्यात भारनियमनाचे दिवस. एका दुपारी वीज आली ती अशी उसळून आली, की त्यांच्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला. मेकॅनिकनं आतली डिस्क हलवून पाहिली आणि "संपलं" म्हणाला.

आता सीडी. तर अक्षय्य तृतीयेला ज्ञानेश कटिंगचा मुहूर्त करतो. पाटावर कात्री, टेप, शिलाई मशीनचा डबा मांडून पूजा होते. त्या वर्षी त्यानं भक्तिभावानं सीडीही मांडली होती, आणि चकाकणारी बाजू चांगली दिसते म्हणून नेमकं तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून अक्षता दाबल्या होत्या. नंतर ओल्या फडक्यानं घासून लख्खही केली होती. माझ्या मशीनमध्ये ती घातली तर नुसती खरखर. ज्ञानेश बिचारा इतका वरमला की मला हसूही येईना.

संस्थेनं आधीच बजावलं होतं, शाळा उघडायच्या दिवशी कपडे नसतील तर पुढच्या वर्षी दुसरा शिंपी. ते काम गेलं असतं तर दुकानाला कुलूपच. आणि त्या पोरांमधल्या कित्येकांना अंगावर धड असा तेवढाच एक जोड असायचा.

"हेडमास्तरांना सांगून टाकू," ज्ञानेश म्हणाला. "जमत नाही म्हणून."

वहिनींनी माझ्या फोनवरून मालेगावला नंबर लावला. "दिशा, मागच्या सालांची मापं आहेत का गं तुझ्याकडे?"

"सगळी आहेत मामी. तुमचं काही पुसायची माझी काय बिशाद!"

केबल जोडली गेली तशा फायली आल्या. मी छापून दिल्या. वहिनींनी सगळी वर्षं शेजारी शेजारी पसरली आणि एकेका नावावर बोट ठेवत बसल्या. हा दरवर्षी उंच होतो, रुंद होत नाही. हिची उंची गेल्या वर्षी एकदम वाढली, आता थांबेल. पहिलीची नवी पोरं कुठल्याच फायलीत नव्हती, त्यांच्यासाठी सगळ्या मापांचे थोडे जास्त कपडे शिवायचं ठरलं. मला वाटलं, बाई अंदाजपंचे चाललीय. पण अंदाजाला आधार होता, आणि नाही म्हणायची माझी हिंमतही नव्हती.

एका नावापाशी त्या थांबल्या. तृप्ती, पेठकडच्या पाड्यावरची. तीन वर्षं तेच माप. छाती तीच, उंची तीच.

"टायपिंगची चूक असेल," मी म्हणालो.

"नाही. टाइप मीच केलंय." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "पोर वाढतच नाहीये, राजभाऊ." यंदा तिला मापलं होतं त्यांनीच, पण शेकडो पोरांच्या रांगेत कोण किती, हे कुणाला आठवणार? शेवटी त्यांनी तेच माप चौथ्यांदा लिहिलं. ते लिहिताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

जूनमध्ये गठ्ठे घेऊन गेलो. मीही गेलो, कारण मला घरी चैन पडेना. वाटप सुरू झालं. कुणाला जरा सैल, कुणाला जरा घट्ट, पण एकही पोर तसं परत पाठवावं लागलं नाही. हेडमास्तर गठ्ठे मोजत होते, त्यांना काही कळलंच नाही. ज्ञानेशनं माझा हात गच्च धरला होता.

आणि मग तृप्ती आली. फ्रॉक गुडघ्याच्या कितीतरी वर, बाह्या काखेत रुतलेल्या, पाठीचं बटण लागेना.

ज्ञानेश पुटपुटला, "मेलो."

बरोबर तिची आई होती, भागीबाई. ती घाबरून म्हणाली, "ताई, पोरीचं काय चुकलं का? औंदा तिला आमच्यासंगं द्राक्षाच्या कामाला नाय नेली. हितंच ठेवली. दोन टाइम जेवली, म्हून वाढली."

वहिनी आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. "तिचं नाही गं, माझं चुकलं! माझंच चुकलं!" असं त्या सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत होत्या. जादा शिवलेल्यांतून त्यांनी मोठा फ्रॉक काढला, तिला घातला, गळ्यातला टेप ओढून तिला भिंतीशी ताठ उभं केलं आणि उंची घेतली. आकडा माझ्याकडे बघून दोनदा सांगितला.

"लिहा राजभाऊ. आणि आज घरी गेल्यावर आधी हा दिशाला पाठवा."