कॅसेटींची सूची आणि मुखपृष्ठावरचं नाव

परदेशातल्या एका जुन्या व्हिडिओ गेम कंपनीचा इतिहास आणि तिच्या झाडून सगळ्या गेमची सूची मराठीत यायलाच हवी, असं मला साठीनंतर वाटू लागलं. नगर जिल्ह्यातून तशी मागणी नव्हती. पण मागणीची वाट पाहत बसणारा मी माणूस नव्हे.

कंपनीची गोष्टच तशी होती. गेम बनवणारे काही जण एका बड्या कंपनीत नोकरीला होते. गेमच्या खोक्यावर त्यांचं नाव छापायला तिथला साहेब तयार नव्हता. ते बाहेर पडले, आपली कंपनी काढली आणि गेम बनवणाऱ्याचं नाव खोक्यावर टाकू लागले. हे लिहिताना मी असा पेटलो की त्या साहेबाला चार पानं झोडपून काढलं.

सूचीचा माल घरातच होता. भिंगारमध्ये पूर्वी आमचं गेम पार्लर होतं, त्यातल्या याच कंपनीच्या गेमच्या पोतंभर कॅसेटी माळ्यावर पडून होत्या. लेबलं आमचीच, त्यावर नुसते नंबर. आत कोणता गेम आहे ते खेळल्याशिवाय कळणार नव्हतं.

कामाचा मुहूर्त म्हणून मी खंडेनवमीला सगळ्या कॅसेटींची यथासांग पूजा केली. धंद्याची हत्यारं पुजायची आमची रीतच आहे. ओलं हळदकुंकू मी नेमकं तोंडाशी, मशीनमध्ये जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर लावलं. त्यानंतर टीव्हीवर फक्त मुंग्या दिसू लागल्या.

बायको माहेरची शेवगावची, बोलत बसत नाही. तिनं स्पिरिट आणि इअरबड घेऊन एकेक कॅसेट साफ केली. मग रोज दुपारी एकेक गेम शेवटपर्यंत खेळली आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवलं. मी तेव्हा प्रस्तावनेत गुंतलो होतो. विद्वानाला सवड नसते.

प्रेसमधून पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. त्यावर माझं नाव होतं.

"माझं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"ऋणनिर्देशात आहे ना. सौभाग्यवतीचं सहकार्य लाभलं म्हणून."

"मंग त्या साहेबाला चार पानं शिव्या कशापायी दिल्या?"

मला खरोखर लाज वाटली. प्रेसला फोन करून तिचं नाव माझ्या शेजारी घालायला सांगितलं, आणि आपण केवढे मोठ्या मनाचे, या आनंदात दोन दिवस काढले. तोवर ती छपाईआधीची पानं वाचत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"नाव काढा माझं."

"का गं?"

"होडीच्या गेमला शेवट न्हाई, असं लिवलंय तुमी. शेवट हाय. वहीत लिवला हुता, तुमी वही उघडलीच न्हाई, मनानंच लिवलं. असलं पंधरा-वीस जागी हाय. लोक म्हनतील, हिला खेळता येत न्हाई. तुमचं एकट्याचंच ऱ्हाऊ द्या."